बंद दारामागचे 'आम्ही'

या प्रकरणाची सुरुवात माझ्याकडे झाली नाही. ती एका बंद दाराबाहेर झाली. वहिनी पहाटे पाणी प्यायला उठल्या होत्या. आतल्या खोलीतून यजमानांचा आवाज येत होता, "हे दयाळू पित्या, आम्ही तुझ्या चरणांशी नम्र होऊन येतो, आम्हांला..." त्या जरा थांबल्या. अर्ध्या तासाने दार उघडलं तेव्हा त्यांनी सहज विचारलं, "आत तुम्ही एकटेच होतात ना? मग 'आम्ही' कोण?"

हा प्रश्न घेऊन भाऊ माझ्याकडे आले. म्हणजे तेव्हा त्यांना तो प्रश्न वाटत नव्हता, बायकोने काढलेली खोडी वाटत होती. ती त्यांनी मला हसत हसत, बोलण्याच्या अगदी शेवटी सांगितली. त्याआधी पाऊण तास ते वेगळंच काही सांगत होते.

त्यांना मी इथे 'भाऊ' एवढंच म्हणणार आहे. वय ५२. मंडळीतली, म्हणजे चर्चमधली, मध्यस्थीची (इतरांसाठी देवाकडे मागायची) प्रार्थना वीसेक वर्षं त्यांच्याकडे. आवाज भरदार, वाक्यं घोटीव, आजाऱ्यांची नावं तोंडपाठ. लोक त्यांना 'प्रार्थनेचा माणूस' म्हणतात. रोज पहाटे पाऊण तास दार लावून एकांतप्रार्थना, आणि त्यात खाडा जवळपास नाही. तरी तक्रार अशी होती, "ताई, मी बोलत राहतो. पलीकडून कुणी फोन उचलत नाही असं आधी वाटायचं. आता तर रिंगसुद्धा जात नाही."

मी आध्यात्मिक सोबतीचं काम करते. महिन्यातून एकदोनदा समोर बसायचं, ऐकायचं, कमी बोलायचं. मी समुपदेशक नाही आणि चर्चची पाळक, म्हणजे धर्मगुरूही, नाही. भाऊंना झोप, भूक, कामातलं लक्ष याबद्दल पहिल्याच दिवशी विचारलं होतं. ते सगळं ठीक होतं. नसतं, तर मी त्यांना आधी डॉक्टरांकडे जायला सांगितलं असतं. प्रत्येक कोरडेपणा आत्मिक असतो असं नाही, हे शिकायला मला बरीच वर्षं लागली. पुढचं टिपण आठ महिन्यांतल्या पंधरा भेटींचं आहे.

पहिली चूक माझी

पहिल्या भेटीत मी ते शेवटचं, हसत सांगितलेलं वाक्य सोडून दिलं. त्याआधीच्या पाऊण तासावर विसंबून ठरवलं की हा फार बोलणारा माणूस आहे, याला गप्प बसायला शिकवायला हवं. सांगून टाकलं, "पंधरा दिवस बोलूच नका. रोज ३० मिनिटं नुसतं बसा."

व्हायचं तेच झालं. दुसऱ्या भेटीत ते चिडलेले होते. "डोळे मिटले की ऑफिस सुरू होतं. उघडले की घड्याळ दिसतं. पंधरा दिवसांत मी देवाचं काही ऐकलं नाही. घड्याळाचं मात्र भरपूर ऐकलं."

मी त्यांना अविलाच्या तेरेसाची गोष्ट सांगितली. १५१५ ते १५८२ हा तिचा काळ. एकांतप्रार्थनेबद्दल लिहिणाऱ्यांत तिचं नाव अगदी वरचं. तिनेच कबूल केलंय की काही वर्षं प्रार्थनेला बसल्यावर तिचं लक्ष देवापेक्षा तास संपल्याचा ठोका कधी पडतो याच्याकडेच जास्त असे. भाऊ मोठ्याने हसले. त्या हसण्याने खोलीतली हवा हलकी झाली, पण माझी चूक तशीच उरली. वीस वर्षं शब्दांवर चाललेल्या माणसाला मी शब्द काढून घेऊन उभं केलं होतं. ज्याच्याशी आपली मोकळीक नाही त्याच्यासमोर गप्प बसायला लावलं, तर ती शांतता होत नाही. तो अवघडलेपणा होतो. लग्नकार्यात दोन अनोळखी पाहुणे एकाच कोचावर बसावेत, तसा.

मी मौन मागे घेतलं आणि विचारलं, "परवा वहिनी काय म्हणाल्या होत्या?"

'आम्ही'

भाऊंनी आधी बचाव केला, आणि बचाव चांगला होता. "येशूने शिकवलेली प्रार्थनाच 'हे आमच्या स्वर्गातील पित्या' अशी सुरू होते. 'माझ्या पित्या' नाही म्हटलं त्याने."

बरोबर आहे. 'आम्ही' हा दोष नव्हेच. मी बायबलमधल्या मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय उघडून त्यांच्यापुढे ठेवला आणि ती प्रार्थना येण्याआधीच्या ओळी वाचायला सांगितल्या. पाचव्या वचनात 'तुम्ही जेव्हा प्रार्थना करता' असं अनेकवचन आहे. सातव्यात पुन्हा अनेकवचन. मधल्या सहाव्यात मात्र वाक्य एकदम वळतं आणि एकट्या माणसाकडे बोट दाखवतं: तू आपल्या खोलीत जा, दार लाव, आपल्या गुप्तवासी पित्याची प्रार्थना कर. मूळ ग्रीकमध्येही हा बदल असाच आहे. तिथे 'खोली' म्हणून आलेला शब्द घरातल्या आतल्या कोठीचा आहे. लूकच्या बाराव्या अध्यायात कावळ्यांना जे भांडार नसतं असं म्हटलंय, तिथेही तोच शब्द. सामान ठेवायची, पाहुण्यांना न दाखवायची जागा.

भाऊ त्या वचनावर बोट ठेवून बराच वेळ बसले. मग म्हणाले, "मी कोठीतसुद्धा माईक घेऊन जातो."

पुढच्या पंधरवड्यासाठी एकच अट ठरली. वेळ हवा तेवढा, बोलणं हवं तेवढं. फक्त एकांतात 'आम्ही' म्हणायचं नाही, आणि मंडळीत कधी म्हटलेलं वाक्य वापरायचं नाही.

ही अट किती कठीण आहे हे करून पाहिल्याशिवाय कळत नाही. (मी करून पाहिलं. दुसऱ्याच मिनिटाला अडले.) भाऊ पहिले दोन दिवस तोंडच उघडू शकले नाहीत. 'हे दयाळू पित्या' गेलं, 'तुझी स्तुती असो' गेलं, 'तुझ्या इच्छेप्रमाणे होवो' गेलं. उरलं काय? तिसऱ्या दिवशी एक वाक्य आलं: "मी दमलोय." त्या दिवसाची प्रार्थना तेवढीच. चौथ्या दिवशी पुन्हा तेच. त्यांनी मला वही दाखवली, तारीख आणि पुढे एकेक वाक्य. नवव्या दिवसापुढचं वाक्य खोडलेलं होतं, पण खालची अक्षरं वाचता येत होती.

"प्रभू, मला तुझा कंटाळा आलाय."

हे सांगताना त्यांचा चेहरा गुन्हा कबूल करणाऱ्यासारखा होता. असं म्हटल्यावर ते घाईघाईने उठले, दार उघडलं आणि दोन दिवस त्या खोलीत गेलेच नाहीत. काहीतरी होईल असं वाटत होतं. काही झालं नाही. तिसऱ्या दिवशी ते परत गेले, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं, त्यांना तिथे जावंसं वाटलं म्हणून गेले. वीस वर्षांत पहिल्यांदाच कर्तव्य म्हणून नाही. "वाक्य खोडलंय, पण ते त्याने ऐकलंय. आता लपवण्यासारखं काय राहिलं?"

बायबलमधली स्तोत्रसंहिता त्यांना पाठ होती, पण त्यातल्या अर्ध्या स्तोत्रांकडे त्यांनी कधी नीट पाहिलं नव्हतं, कारण उपासनेत ती सहसा घेतली जात नाहीत. तेराव्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चार वेळा येतो. अठ्ठ्याऐंशीवं तर अंधारातच संपतं. शेवटी आशेची ओळ नाही, स्तुती नाही, काही नाही. यिर्मया संदेष्टा देवाला तोंडावर म्हणतो की तू मला फसवलंस. ही सगळी माणसं 'मी' म्हणत होती, आणि त्यांच्या तक्रारी पवित्र शास्त्रातून कुणी काढून टाकल्या नाहीत. भाऊंनी त्या महिन्यात अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र रोज वाचलं. मी सांगितलं नव्हतं.

सोबत करणाऱ्यांसाठी इथे एक गोष्ट सांगते. पुष्कळदा आपण देवाशी जवळीक म्हणजे गोड भावना समजतो आणि ती आणायला निघतो. भाऊंच्या बाबतीत जवळीक सुरू झाली ती एका अप्रिय वाक्यापासून. ज्याला खरं सांगता येत नाही त्याचं ऐकूही येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या माणसांत हे मी इतक्यांदा पाहिलंय की आता 'देव बोलत नाही' अशी तक्रार आली की मी आधी विचारते, तुम्ही त्याला काय सांगायचं टाळताय?

वहीतला गुडघा

चौथ्या महिन्यात दुसरी एक वही समोर आली, विनंत्यांची. लोक ज्या ज्या गोष्टींसाठी प्रार्थना करायला सांगतात त्या भाऊ तारखेनिशी लिहून ठेवतात. तेव्हा १४० च्या आसपास नावं होती. पहाटे ते ती हजेरी घेतल्यासारखी वाचत. नाव, अडचण, 'प्रभू, हस्तक्षेप कर', पुढचं नाव.

मी सुचवलं की रोज सगळी नावं वाचू नका. एक नाव घ्या, आणि त्या माणसासाठी काहीही न मागता पाच मिनिटं त्याला मनात धरून देवापुढे बसा. मौनाची ही मात्रा त्यांना मानवली. समोर आता घड्याळाऐवजी माणूस होता.

चौथ्या दिवशी एका वयस्क गृहस्थांचं नाव आलं, पुढे 'गुडघा, शस्त्रक्रिया'. भाऊ बसले, आणि पाच मिनिटांत त्यांच्या लक्षात आलं की या माणसाचा चेहरा त्यांना आठवतो, पण आवाज आठवत नाही. शेवटचं कधी बोललो तेही आठवत नाही. संध्याकाळी त्यांनी फोन केला. गृहस्थ चकित झाले. गुडघा बरा होऊन सहा महिने झाले होते, जिना चढउतार करत होते. भाऊ मात्र रोज पहाटे त्या गुडघ्यासाठी देवाकडे रदबदली करत होते. प्रार्थना ऐकली गेली होती, प्रार्थना करणाऱ्याला कळवायचं तेवढं राहिलं होतं.

हा प्रसंग सांगताना आम्ही दोघं पोट धरून हसलो. नंतर मात्र भाऊ गप्प झाले. "म्हणजे मी कुणाचंच ऐकत नव्हतो," ते म्हणाले. "देवाचं सोडाच."

वही त्यांनी फेकली नाही. त्या महिन्यात ती हळूहळू बारीक झाली.

याच सुमारास ते शास्त्रवाचनही वेगळ्या रीतीने करू लागले. बाराव्या शतकातला, कार्थुसी या ख्रिस्ती संन्यासी संघाचा मठाधिपती दुसरा गिगो याने या वाचनाची चार पायऱ्यांची शिडी मांडली आहे: वाचन, मनन, प्रार्थना आणि मग नुसतं देवाजवळ असणं. त्याची उपमा खाण्याची आहे. वाचन घास तोंडात घालतं, मनन तो चावतं, प्रार्थनेने चव उतरते, आणि शेवटची पायरी म्हणजे ती गोडीच. भाऊंचं आजवरचं वाचन घास न चावता गिळण्याचं होतं, रोज तीन अध्याय. आता अर्धा परिच्छेद, तोही तीनचार दिवस. यात नवल काही नाही, म्हणून लांबवत नाही.

जो संदेश पोचवला गेला नाही

नववी भेट ठरल्या दिवसाच्या आधी झाली. भाऊंनीच तातडीने वेळ मागितली. डोळे तांबारलेले होते. "ताई, बोलला. पहिल्यांदाच बोलला."

झालं होतं ते असं. मंडळीतली एक मुलगी शिक्षण संपवून दूरच्या शहरी नोकरीला निघाली होती. तिचं नाव धरून बसलेले असताना भाऊंच्या मनात स्वच्छ शब्द उमटले: 'तिला जाऊ देऊ नका.' हे दोन दिवस लागोपाठ झालं. आता ते तिच्या आईवडिलांना जाऊन सांगणार होते. घरातून निघता निघता माझ्याकडे आले होते, माझा होकार घ्यायला.

या क्षणी सोबत करणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. नाही म्हणावं तर या माणसाला कित्येक महिन्यांच्या, खरं तर वीस वर्षांच्या कोरड्यानंतर काहीतरी ऐकू आलंय. हो म्हणावं तर एका तरुण मुलीच्या आयुष्यात 'देवाने सांगितलंय' ही धोंड आपण ठेवतोय, जिच्याशी वादही घालता येत नाही.

मी तेरेसाकडेच परतले. आतून आलेले शब्द देवाचे आहेत का, हे पारखायला तिने तीन खुणा दिल्या आहेत. त्या शब्दांत सामर्थ्य असतं, ते म्हणतात तसं माणसात घडवतात. ते मागे मोठी शांतता ठेवून जातात. आणि ते स्मरणातून लवकर जात नाहीत. भाऊ म्हणाले, सामर्थ्य आहे, स्मरणात तर आहेतच. "आणि शांतता?" दोन रात्री झोप नव्हती.

तिचाच समकालीन क्रुसाचा योहान याहून कडक आहे. मन एकाग्र झालं की ते स्वतःच वाक्यं रचतं आणि दुसऱ्या कुणी बोलल्यासारखी स्वतःलाच ऐकवतं, असं तो म्हणतो. जेमतेम पैशापुरतं ध्यान करणारी माणसंही अशा वाक्यांना लगेच 'देव मला म्हणाला' असं नाव देतात, याची त्याला धास्ती वाटत असे. हे मी भाऊंना त्याच दिवशी ऐकवलं नाही. ज्याला नुकतंच ऐकू येऊ लागलंय त्याच्या कानावर फटका मारू नये.

मी एवढंच विचारलं, "या वाक्यात तुमच्यासाठी काय आहे? ते तिच्याबद्दल आहे, तिच्या आईवडिलांनी करायचं आहे. तुम्हांला त्यात देव काय म्हणतोय?"

ते गोंधळले. मी गप्प राहिले. बऱ्याच वेळाने त्यांनी विषय बदलल्यासारखं आपल्या मुलीबद्दल सांगायला सुरुवात केली. दोन वर्षांपूर्वी तीही अशीच नोकरीसाठी गेली. निरोपाच्या दिवशी भाऊंनी सगळ्या मंडळीपुढे तिच्यासाठी सुंदर प्रार्थना केली होती, 'आम्ही तिला तुझ्या हाती सोपवतो.' तिचे फोन आता महिन्यातून एकदा येतात, तेही आईला. सांगता सांगता ते मध्येच थांबले. "तिला जाऊ देऊ नका," ते हळू आवाजात म्हणाले. या वेळी हे वाक्य कुणाचं आहे ते आम्हां दोघांनाही ऐकू आलं.

शमुवेलाच्या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात लहानगा शमुवेल देवाचा आवाज याजक एलीचा समजतो आणि तीनदा उठून धावत जातो. भाऊंची गफलत उलटी होती, स्वतःचा आवाज त्यांना देवाचा वाटला. पण मला त्या अध्यायात हल्ली एलीच जास्त दिसतो. म्हातारा, नजर अधू झालेली. तिसऱ्या खेपेला त्याला उमगतं, आणि तो मुलाला परत झोपायला पाठवतो, 'बोल, तुझा दास ऐकत आहे' एवढं म्हण असं सांगून. स्वतः मात्र त्याच्या सोबत जात नाही. आमच्या कामाचं एवढं नेमकं चित्र मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. अध्यायाचा उरलेला भाग आपण सहसा वाचत नाही, तिथे देव जे सांगतो ते एलीच्याच घराण्याच्या विरोधात असतं आणि मुलगा सकाळपर्यंत भीतीने पडून राहतो. खरं ऐकणं नेहमी सोयीचंच निघेल, असं कुठे आहे?

संदेश पोचवला गेला नाही. मुलगी गेली. तिकडे तिचं कसं चाललंय हे मी विचारलेलं नाही, कारण तिचं बरं किंवा वाईट होण्यावरून आमचा त्या दिवशीचा निर्णय ठरवायचा नाही. मला त्या वेळी शंभर टक्के खात्री होती का? नव्हती. खात्री एवढीच होती की देवाचं म्हणणं असेल तर ते आठवडाभर थांबल्याने विरून जाणार नाही.

त्यानंतर महिनाभर भाऊ खचले. "मला ऐकायला येतच नाही, तर कशाला बसू? पहाटेचं बंदच करतो." इथे मी अडून बसले. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून अंथरुणाला खिळलेल्या संत इग्नेशियस लोयोलाने पुढे मनाच्या चढउतारांसाठी काही नियम लिहिले. त्यातला एक असा की उदासीच्या काळात आधी ठरवलेलं बदलायचं नाही. जे चांगल्या दिवसांत ठरवलं ते वाईट दिवसांत मोडू नये. उदासीत सल्ला देणारा आवाज भरवशाचा नसतो. भाऊ कुरकुरत का होईना, बसत राहिले. वेळ २० मिनिटांवर आणली, तेवढीच सवलत.

विचारणारा देव

अकराव्या भेटीत मी त्यांना एलीया संदेष्ट्याची गोष्ट पुन्हा वाचायला दिली, राजांच्या पहिल्या पुस्तकातला एकोणिसावा अध्याय. वारा, भूकंप, अग्नी, आणि त्यानंतर ती शांत, मंद वाणी. तिथले हिब्रू शब्द तर जवळजवळ 'बारीक शांततेचा आवाज' असे आहेत. ऐकण्याबद्दल बोलताना सगळे याच ओळीशी थांबतात. मी भाऊंना पुढचं बघायला सांगितलं.

दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, आवाजात मिस्कील आनंद. "ताई, एलीयाही माझ्यासारखाच निघाला!"

त्यांनी शोधलं ते असं. 'एलीया, तू येथे काय करतोस?' हा प्रश्न देव दोनदा विचारतो, एकदा त्या वाऱ्याआधी आणि एकदा त्या वाणीनंतर. आणि एलीया दोन्ही वेळा तेच उत्तर देतो, शब्दाला शब्द तेच: मी फार ईर्ष्यावान होतो, वेद्या मोडल्या, संदेष्टे मारले, मीच एकटा उरलो. डोंगर हादरला, आग येऊन गेली, बारीक शांतता झाली, तरी याचं भाषण बदललं नाही. "पाठ केलेलं होतं त्याचं," भाऊ म्हणाले.

मला जे शिकवायचं होतं ते त्यांनीच आणून दिलं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं. ऐकणं म्हणजे उत्तर मिळणं, असं आम्ही दोघं इतके महिने धरून चाललो होतो. त्या गुहेत मात्र देव आधी विचारतो. एदेन बागेतही लपलेल्या आदामाला तो आधी विचारतोच, 'तू कोठे आहेस?' योहानाच्या शुभवर्तमानात येशूचं पहिलं वाक्यच प्रश्नार्थक आहे, मागून येणाऱ्या दोघांना वळून विचारलेलं, 'तुम्ही काय शोधता?' आंधळ्या बार्तिमयालाही, ज्याला काय हवंय ते कुणालाही दिसत होतं, त्याने विचारलं की मी तुझ्यासाठी काय करावं.

भाऊंनी योहानातला प्रश्न घेतला आणि अकरा दिवस त्याच्याशीच बसले. १४० माणसांना काय हवंय ते वहीत लिहिणाऱ्या माणसाला स्वतःला काय हवंय ते सांगता येईना. आलेली उत्तरं एकेक करून गळली. मुलीचा फोन यावा, हे खरं होतं पण तळाचं नव्हतं. मंडळीची वाढ व्हावी, हे तर मंडळीतलंच वाक्य, अटीत बाद. अकराव्या दिवशी त्यांनी वहीत लिहिलं: "मला कुणी काही सांगू नये असं वाटतं. मला इथे नुसतं बसायचंय."

"आणि मग?" मी विचारलं.

"मग बसलो."

किती वेळ, ते त्यांनी पाहिलं नव्हतं. आवाज आला का, शब्द उमटले का, काहीही नाही. मी खोदून विचारलं, तेव्हा ते जरा वैतागूनच म्हणाले, "ताई, तुम्ही आणि तुमच्या वहिनी जेवण झाल्यावर गप्प बसता तेव्हा काय ऐकता?"

वहिनींचा विषय निघाला म्हणून एक कबुली. या प्रकरणात आम्हां दोघांच्या पुढे त्याच होत्या. त्या दार लावून कधी बसत नाहीत. कपड्यांच्या घड्या घालताना देवाशी पुटपुटतात, मध्येच थांबतात, पुन्हा पुटपुटतात. १६९१ साली पॅरिसमध्ये वारलेला कार्मेली मठातला बंधू लॉरेन्स स्वयंपाकघरातल्या भांड्यांच्या खडखडाटात देवाच्या सान्निध्याचा सराव करत असे. त्याचं नाव वहिनींनी ऐकलेलं नाही. मी सांगितलं तेव्हा म्हणाल्या, "मग दुसरं कुठे करणार?" त्यांच्याकडे कुणी सोबत मागायला जात नाही, कारण त्या बोलताना सुंदर वाक्यं वापरत नाहीत.

सध्याची स्थिती

भाऊंची पहाट आता साधारण अर्ध्या तासाची आहे. बोलणं थोडं. कोरडे दिवस पुष्कळ आहेत, पण त्याबद्दल ते तक्रार करत नाहीत, हवामान सांगावं तसं सांगतात. मुलीला त्यांनी फोन केला. पहिला फोन अवघडच झाला. मी तपशील विचारले नाहीत.

अडचण नव्या ठिकाणी उभी राहिली आहे. गेल्या महिन्यात उपासनेत मध्यस्थीची प्रार्थना करताना भाऊ एका आजारी बाईंच्या नावापाशी आले आणि थांबले. पुढचं वाक्य जिभेवर तयार होतं, पण ते म्हणवेना. माईक चालू, सगळ्यांचे डोळे मिटलेले. वहिनींच्या मते ते मिनिटभर तरी गप्प होते. लोकांनी डोळे उघडले, कुणी खाकरलं, वाद्य वाजवणाऱ्याला वाटलं संपलं म्हणून त्याने सूर धरला. भाऊंनी 'आमेन' म्हटलं आणि जागेवर येऊन बसले.

उपासनेनंतर पाळकांकडे तक्रार गेली की भाऊ हल्ली तयारी करून येत नाहीत. पाळकांनी त्यांना प्रेमानेच सांगितलं की पुढच्या वेळी प्रार्थना लिहून आणावी. भाऊंची कोंडी अशी, लिहिली तर जुना आवाज परत येईल याची भीती, आणि न लिहावी तर शंभर माणसांना आपल्या कोठीत कोंडल्यासारखं होतं. सभेची प्रार्थना सभेचीच असायला हवी, 'आम्ही' तिथे हवंच, हे त्यांना पटतं. मलाही पटतं. पण एकांतात सापडलेला आवाज घेऊन सभेत 'आम्ही' कसं म्हणायचं, याचं उत्तर माझ्याकडे तयार नाही. जबाबदारी सोडावी का, असंही त्यांनी विचारलं. मी इग्नेशियसचा नियम काढायच्या आतच ते म्हणाले, "माहितीये. पण मी उदास नाहीये."

पुढच्या भेटीला ते मसुदा घेऊन येणार आहेत. मी सांगितलंय, आधी वहिनींना वाचून दाखवा.